बेगेदोचा डावा पाय

२ नोव्हेंबर, रविवार

राष्ट्रीय फुटबॉल संघाचं साहित्य मी सांभाळायला लागल्यापासून इतके प्रशिक्षक आले नि गेले, की त्यांची नावंसुद्धा आता माझ्याकडून मागेपुढे होतात. बुटांची खोली मात्र तीच, आणि किल्ली माझ्याच कमरेला. उद्या शिबिर सुरू होतंय म्हणून आज सगळे बूट काढले, पुसले, खिळे हलवून पाहिले. ओल्या बुटात वर्तमानपत्र कोंबायचं ते चुरगळून, घडी घालून नव्हे. घडी घातली की चामड्याला आतून कोपरे येतात. हे मला कुणी शिकवलेलं नाही. फ्रेंच वाचायलाही मी कुणापाशी गेलो नाही, बुटातून काढलेल्या त्या वर्तमानपत्रांवरच शिकलो. त्यामुळे खेळाचं पान मला सर्वात आधी वाचता आलं.

संध्याकाळी खेळाडूंची नावं कळली. डाव्या बगलेला एक नवा मुलगा येतोय, हारूना गाम्पिने. जन्म इटलीतला. नाव ऐकलं आणि मी खोलीत एकटाच हसत बसलो. गाम्पिने म्हणजे बिसा. म्हणजे माझा गुलाम.

आम्ही गुरुन्सी जमातीचे, ते बिसा जमातीचे. आमचं थट्टेचं नातं पणजोबांच्याही आधीपासूनचं. बिसा दिसला की मी त्याला गुलाम म्हणायचं, त्यांच्या शेंगदाण्यांच्या वेडावरून सोलून काढायचं. त्याने मला कुत्रेखाऊ म्हणायचं आणि माझ्या बापाला किती स्वस्तात विकत घेतला ते चारचौघांत सांगायचं. लग्न असो, मयत असो, रागवायचं नाही. जो रागावला तो हरला. आमच्या संघाचं तर जेवणच याच्यावर पचतं. प्रशिक्षक जमातीने मोसी आणि कर्णधार तोए सामो जमातीचा, त्यांच्यातही हेच नातं, त्यामुळे कुत्र्याचं मुंडकं कोणी खायचं यावरून दोघांची रोज टेबलावर जुंपते. मी एकटाच कोरडा राहिलो होतो. आमचा शेवटचा बिसा, एक गोलरक्षक, निवृत्त झाल्यापासून माझ्या वाट्याला कुणी आलंच नव्हतं.

फिलोमेनला सांगितलं तर ती म्हणाली, पंधरा तारखेला जिंकलो नाही तर आफ्रिका चषक हुकणार आहे आणि तुला शेंगदाण्यांचं पडलंय. बायकोचं बरोबर आहे. बरोबरी झाली तरी आपण घरी बसणार. पण तिच्या माहेरचे लोक मोसी, त्यांची थट्टा सामोंशी, तिला बिसांचं काय कळणार.

३ नोव्हेंबर, सोमवार

आला. उंच, मानेने बारीक, बोलणं हळू. फ्रेंच मोडकीतोडकी, बिसा भाषा बरी, इथे सगळे बोलतात ती मोरे अजिबात नाही. पाय मोजून घेतले. डावा उजव्यापेक्षा किंचित मोठा आहे आणि हे त्याच्या इटलीतल्या क्लबात आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही. काय करतात तिथले लोक कोण जाणे.

सगळ्यांसमोर त्याला म्हटलं, ये रे शेंगदाणेखाऊ, बघतोस काय, धन्याची पिशवी उचल. सगळे हसले. त्याने माझ्याकडे पाहिलं, चेंडूंची पिशवी खरोखरच उचलली, खोलीपर्यंत नेली, खाली ठेवली आणि विचारलं, "आणखी काही, साहेब?"

लोक पोट धरधरून हसले. मला वाटलं, वा, कसलेला दिसतोय, आज्ञा पाळायचं सोंग करून धन्याचीच फजिती करतोय. पण नंतरही तो तसाच गंभीर. म्हणजे सोंग नसावं. तोंड जरा बोथटच आहे म्हणायचं.

५ नोव्हेंबर, बुधवार

डावा पाय. काय लिहू. आज सरावात त्याने टाकलेला चेंडू तीन माणसांच्या डोक्यावरून गेला आणि तोएच्या कपाळावर असा बसला, जणू हाताने आणून ठेवला. प्रशिक्षकांनी टोपी काढून पुन्हा घातली. आपली डावी बाजू किती वर्षं लंगडी आहे, ते मला विचारा. तिथले बूट कधी झिजतच नाहीत.

सरावानंतर गंमत म्हणून त्याच्या बुटात मूठभर भाजके शेंगदाणे भरून ठेवले. बुटाचं नुकसान होणार नाही याची काळजी घेऊन, खारवलेले घेतले नव्हते. त्याने ते ओतून टाकले, बूट नळाखाली स्वतः धुतले आणि उन्हात ठेवले. उन्हात. चामडं तडकलं असतं. मी उचलून सावलीत आणले. तो आपल्या खोलीकडे निघून गेला. आमच्या त्या जुन्या गोलरक्षकाने एव्हाना माझ्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज स्वतःवर खूश आहे. मुलगा खुलत नाही म्हणून विचार केला, आपणच त्याच्याकडे चार पावलं जावं. जुन्या पुस्तकांच्या बाजारात इटालियन संभाषणाची एक पुस्तिका मिळाली. दोन दिवस बसून नमस्कार, कसे आहात, आणि शेंगदाणे एवढं पाठ केलं. शेंगदाणेखाऊ हा शब्द पुस्तिकेत नव्हता, तो मी जोडून तयार केला. सकाळी सराव चालू असताना रेषेवरून खणखणीत आवाजात त्याच भाषेत हाक मारली. मुलांना शब्द आवडला. दोघातिघांनी सुरात उचलला.

हारूना जागच्या जागी थांबला. आमच्याकडे नाही, मागच्या रिकाम्या कठड्यांकडे बघत राहिला. त्यानंतर त्याने बगलेवरून गोलासमोर टाकलेला एकही क्रॉस नीट पडला नाही. माझ्या उच्चारांमुळे गोंधळला असेल, पण तोए म्हणाला उच्चार बरे होते.

दुपारी तो खोलीच्या दारात आला. म्हणाला, "या देशात सगळे असंच म्हणतात का?"

मी म्हटलं, छे, सगळ्यांची काय बिशाद. तो मान फक्त आम्हा गुरुन्सींचा.

त्याने मान हलवली आणि गेला. मला वाटतं आता त्याला नातं समजलं.

९ नोव्हेंबर, रविवार

काहीतरी बिनसलंय. काल भाताबरोबर शेंगदाण्याचा रस्सा होता, हारूना पानावरून उठला. आज प्रशिक्षकांना म्हणाला गुडघा दुखतो, बुधवारच्या विमानाने परत जाऊ द्या. डॉक्टरने गुडघा सगळीकडून दाबून पाहिला, काही नाही. मी स्वतः त्याच्या बुटांचे तळ पाहिले. दुखरा पाय असलेला माणूस एका बाजूला झिजवतो. दोन्ही बूट सारखे झिजलेले. गुडघा खोटा आहे.

प्रशिक्षक व्हरांड्यात एकटे बसले होते. म्हणाले, आन्सेल्म, इतकी वर्षं आपण घरचे सामने दुसऱ्यांच्या देशात खेळलो. आता घरी खेळायला मिळतंय, डावा पाय मिळालाय, आणि तो पाय घरी निघालाय. मी म्हटलं, मी बघतो. त्यांनी विचारलं, तू काय बघणार. मी म्हटलं, सगळं.

आणि बघितलंही. त्याची गादी बदलली, मधे खड्डा होता. खिडकीला जाळी ठोकली. हार्माटान वाऱ्याची धूळ सुरू झालीय, नवख्याच्या घशाला त्रास होतो, म्हणून ओलं फडकं टांगलं. डाव्या बुटात घालायला बकऱ्याच्या मऊ कातड्याचा तळ कापायला घेतलाय. एवढ्याने न सुटणारं दुखणं मी तरी पाहिलेलं नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज लिहावंसं वाटत नाही. पण गाळलं तर ती लबाडी होईल.

तळ शिवून झाला तसा त्याला बोलावून बूट घालायला लावला. चार पावलं चालला, पुन्हा चालला. म्हणाला, असा बूट मी आयुष्यात घातला नव्हता. मग बाकावर बसला आणि मोडक्या फ्रेंचमध्ये, शब्द शोधत शोधत विचारलं, "माझ्या पायासाठी तुम्ही इतकं करता. मग ते का करता?"

ते म्हणजे काय, मला कळेना. मग त्याने सांगितलं. तिकडे सोळा वर्षांचा असताना एका गावात सामना होता. गोलामागे बसलेल्या लोकांनी त्याच्या अंगावर शेंगदाणे फेकले, पुड्याच्या पुड्या. माकडाला फेकतात तसे. आणि ओरडत होते तो शब्द मी पुस्तिकेतून पाठ केलेलाच, शेंगदाण्यांचा. बाप प्रेक्षकांत बसला होता. पंचाने खेळ थोडा वेळ थांबवला, मग पुन्हा चालू केला. तेव्हा त्याने मनाशी ठरवलं होतं, कधीतरी आपल्या देशासाठी खेळेन, तिथे हे होणार नाही.

मी त्याला नातं समजावायला लागलो. गुरुन्सी, बिसा, पणजोबा, सगळं सांगितलं. म्हटलं, थट्टा असते बाबा.

तो शांतपणे म्हणाला, "तेही हेच म्हणाले होते."

दाभण माझ्या हातातच होता. तो मी बाकावर ठेवून दिला.

एकच गोष्ट राहून राहून मनात येतेय. त्याचं आडनाव गाम्पिने आहे म्हणून आम्ही सगळ्यांनी धरून चाललो की त्याला माहीत असणार. इथे तीन वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. पण त्या इटलीतल्या गावात त्याच्या बापाला चिडवायला एक तरी गुरुन्सी होता का? बाप कोणाला शिव्या देणार, आणि पोराने त्या कुठून ऐकाव्यात?

११ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळीच तोएला गाठलं. तो म्हणाला, काका, माफी मागायला जाऊ नका, थट्टेच्या नात्यात माफी मागितली की नातंच मेलं. आणि समजावूही नका, तुमचं तो ऐकणार नाही. त्याला बिसा माणूस हवा. मग त्यानेच सांगितलं की हारूनाची आजी बेगेदोला असते, मुलाने तिला अजून पाहिलेली नाही, सामन्यानंतर जायचं ठरलं होतं.

मी प्रशिक्षकांना सांगून पहिली बस धरली. शिबिर चालू असताना बुटांची किल्ली मी दुसऱ्याच्या हातात दिली ती आज प्रथमच. तोएला दिली आणि कुठला बूट कुठे ते तीनदा सांगितलं.

बेगेदोत उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. इटलीच्या पैशाने बांधलेली दुमजली घरं आणि त्यांच्या मागे कांद्याचे वाफे. गाम्पिने आजीचं घर कुठे म्हणून एका बाईला विचारलं. तिने उलट विचारलं, तू कुठला. रेओ गावचा, आडनाव बादोलो, म्हटलं. संपलं. गुरुन्सी एकटा, आपल्या पायांनी बिसांच्या गावात आलाय ही बातमी माझ्या आधी आजीच्या अंगणात पोचली. मी पोचलो तेव्हा पाचसात बाया तयारीतच होत्या. डोक्यावर भोपळ्याचं सुकं भांडं उलटं घालून मला शेंगांच्या ढिगासमोर बसवलं आणि सोलायला लावलं. एकजण माझे दात तपासत म्हणाली, फार चालणार नाही हा, बदलून मागा. दुसरी म्हणाली, गावातली कुत्री घरात बांधा, पाहुणा उपाशी दिसतोय. मीही गप्प बसलो नाही, पण सातजणींपुढे एकाचं काय चालणार. कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

आजी सालामाता मधे बसून नुसती ऐकत होती. लहानशी बाई, कांद्याची माती अजून बोटांना. शेवटी तिने हात वर केला, सगळ्या गप्प झाल्या. मी डोक्यावरचं भांडं काढून ठेवलं आणि झालेलं सांगितलं, काही न लपवता. इटलीतलं ऐकताना तिने डोळे मिटले. उघडले तेव्हा म्हणाली, "माझी चटई गुंडाळ, गुलामा. आणि नीट गुंडाळ."

१२ नोव्हेंबर, बुधवार

आजी काल रात्री आमच्याकडे राहिली. फिलोमेनचं नि तिचं इतकं जमलं की माझ्याविरुद्ध घरात आता दोन माणसं आहेत.

आज सकाळी शिबिराच्या फाटकात तिला घेऊन गेलो. हारूना बॅग भरून व्हरांड्यातच बसला होता. ती त्याच्याकडे गेली नाही. मला तिथेच उभं करून सुरू झाली, सगळ्या संघासमोर. चटई डोक्यावर घे. एका पायावर उभा राहा. याच्या आजोबाला आम्ही टोपलीभर शेंगांवर घेतला, वर दोन मुठी परत मागितल्या, कारण माल खराब निघाला. पाणी आण. गार नको. कोमटही नको. मुलं भिंतीला धरून हसत होती, प्रशिक्षक तोंड फिरवून उभे होते. मी सगळं केलं. माझ्या वयाचा माणूस, चटई डोक्यावर घेऊन, एका पायावर.

हारूना उठून उभा राहिला होता. आजीला अडवू की नको असा चेहरा. तिने आता कुठे त्याच्याकडे पाहिलं.

"हा माझा गुलाम. म्हणजे तुझाही. आल्यापासून तू याला काय काय म्हणालास?"

तो म्हणाला, काहीच नाही.

"काहीच नाही?" आजी मटकन पायरीवर बसली. "त्या माझ्या मुलाने तुला पाय दिले आणि तोंड द्यायचं विसरला."

मग तिने त्याला जवळ बसवलं. बिसा मला शिव्यांपुरती येते, हळू बोललेलं निसटतं. पण तिने गालाला हात लावून काही विचारलं आणि त्याने उत्तर दिलं, ते मला दिसलं. नंतर हारूनाने सांगितलं ते असं. तिने विचारलं होतं, ते शेंगदाणे फेकणारे तुझे कोण होते. तो म्हणाला, कोणी नाही. ती म्हणाली, तेच तर. जे तुझे कोणी नाहीत त्यांना तुला काही म्हणायचा हक्क नाही. याला आहे, कारण याला त्याची किंमत मोजावी लागते. मी मरेन तेव्हा हा रेओहून येईल, माझ्यासारखा वाकून चालून दाखवेल, माझ्या खड्ड्यात आडवा पडेल आणि रडणाऱ्यांना हसवल्याशिवाय उठणार नाही. त्या फेकणाऱ्यांपैकी कोण येणार आहे?

आजी बराच वेळ त्याचा डावा पाय मांडीवर घेऊन बसली होती. आजोबाचा असाच होता म्हणे. तेही डावखुरे.

दुपारी तो माझ्या खोलीत आला. म्हणाला, शनिवारचा सामना खेळेन, पुढचं नंतर बघू. आणि एक गोष्ट. आपल्या भाषेत काय हवं ते म्हणा. त्या भाषेत नको.

मी पुस्तिका त्याच्यासमोर केराच्या डब्यात टाकली. तेव्हा तो म्हणाला, नमस्काराचं पान ठेवायला हरकत नव्हती.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

प्रशिक्षक सगळ्यांसमोर म्हणाले, आजीने संघ वाचवला. वाचवलाच. पण तिची चटई बसच्या टपावर कोणी बांधली हे कुणी विचारलं नाही. असो.

आज त्याच्याशी सांभाळून बोललो. गुलाम म्हटलं नाही, काहीच म्हटलं नाही. बूट दिले, घेतले. तोए म्हणाला, काका, तुम्ही आजारी आहात का.

१५ नोव्हेंबर, शनिवार

जिंकलो. एक शून्य.

सविस्तर नंतर लिहीन असं म्हणतो, पण मला माहीत आहे, राहून जाईल, म्हणून आत्ताच. पहिला अर्धा भाग वाईट. समोरचे आठजण मागे बसून होते आणि आपली मुलं उजवीकडून जाऊन जाऊन त्याच भिंतीवर आपटत होती, सवयीने. हारूना डाव्या रेषेवर हात वर करून उभा, त्याला कुणी चेंडूच देईना. मध्यंतरात प्रशिक्षकांनी फळ्यावर काही काढलं नाही. फक्त म्हणाले, तिकडे एक माणूस उभा आहे. त्यानंतर चेंडू त्याच्याकडे जायला लागला. एकदा तो स्वतःच पडला, एकदा त्याचा चेंडू अडवला गेला, एकदा सरळ प्रेक्षकांत गेला. सामना संपत आला तेव्हा त्याने एकाला आत वळतोय असं दाखवलं, बाहेरून निघाला आणि रेषेवरून मारला. तोएला उडी मारावीच लागली नाही. डोकं फक्त पुढे केलं.

खेळाडू मैदानात येतात त्या बोगद्याच्या तोंडाशी मी होतो. गोल मला नीट दिसला नाही, समोर पोलीस उभा होता. आवाजावरून कळलं. पण तो क्रॉस मारताना डावा पाय जमिनीवरून कसा सुटला ते दिसलं, आणि तळाची शिवण मजबूत राहिली हे मी खात्रीने सांगू शकतो.

नंतर कपडे बदलायच्या खोलीत माणूस माणसाला दिसत नव्हता. मंत्री, फोटोवाले, कोणाचे तरी भाऊ. मी नेहमीप्रमाणे बूट गोळा करत खाली वाकून फिरत होतो. प्रशिक्षक हारूनासमोर उभे होते. मार्चमध्ये पुढचं शिबिर, येशील ना, असं त्यांनी विचारलं असावं, कारण अचानक आजूबाजूचे माना वळवून बघायला लागले. इटलीच्या राष्ट्रीय संघानेही त्याला आपल्याकडून खेळायला विचारलंय, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याने पायातला डावा बूट काढला आणि माझ्याकडे फेकला. मी झेलला. मग त्याने मोरेमध्ये, दोन दिवस तोएकडून पाठ केलेलं वाक्य मोठ्याने म्हटलं,

"ए कुत्रेखाऊ गुलामा. मार्चमध्ये मी येईन तेव्हा या बुटावर एक डाग दिसला, तर तुला बेगेदोच्या बाजारात विकीन, आणि पैसे परत करावे लागतील म्हणून स्वस्तात विकीन."

मग छप्पर उडालं. प्रशिक्षकांनी टोपीच फेकली.

शिवी मी तपासून पाहिली. शेवटचा भाग आजीचा, उचललेला. दोन शब्दांवर जोर चुकीचा पडला. गुरुन्सीला कुत्रेखाऊ म्हणताना जरा थांबायचं असतं, तो घाईत म्हणाला. मार्चपर्यंत सुधारेल. उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं, चांगलं होतं, पण दिलं नाही. त्याचं पहिलंच होतं, तसंच राहू दिलं.

घरी आलो तर फिलोमेनने निकाल आधीच ऐकलेला. तरी माझा चेहरा बघून म्हणाली, जिंकल्याचा एवढा आनंद मी याआधी तुला झालेला पाहिला नाही. मी म्हटलं, जिंकलो ते वेगळं. आज मंत्र्यांसमोर त्याने मला शिवी दिली.